बेडकातला जंत आणि आपल्या डोक्यातला गैरसमज

‘डॉक्टर, बेडकाच्या अंगात जंत असतात म्हणे. अंगणात बेडूक आले तर मुलांना धोका आहे का?’ पावसाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. आणि कधी कधी त्याच घरातून दुसराही प्रश्न येतो, जरा आवाज खाली करून. ‘घोरपडीचं मांस कंबरदुखीला चांगलं असतं का हो? एक जण आणून देतो म्हणालाय.’

या दोन प्रश्नांत आपल्या समजुतीतली सगळी गडबड आहे. ज्याला घाबरायचं कारण नाही त्याला आपण घाबरतो आणि ज्यापासून लांब राहायला हवं ते औषध म्हणून मागतो. रानातल्या बेडूक, साप, घोरपडींच्या शरीरात जंत असतात हे खरं आहे. पण तो त्यांचा मामला आहे. तो आपला आजार होतो तेव्हा बहुतेक वेळा दार आपणच उघडलेलं असतं. ती दारं कोणती आणि ती बंद ठेवण्याला गोळीचा पर्याय का नाही, हे आज समजून घेऊ.

चपटे कृमी म्हणजे कोण?

जंत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लहान मुलांच्या शौचातून पडणारे गांडुळासारखे लांबट जंत येतात. ते गोल कृमी. चपटे कृमी हे वेगळंच घराणं आहे. त्यात फितीसारखे लांब पट्टकृमी येतात आणि पानाच्या आकाराचे पर्णकृमीही येतात.

उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत या घराण्यातले पुष्कळ सभासद सुखाने नांदतात. कॉलेजात बेडकाचं विच्छेदन केलेल्या पिढीतल्या काहींना फुप्फुसात चिकटलेले बारीक कृमी पाहिल्याचं आठवत असेल. त्यांतले काही गोगलगायीतून आणि चतुरातून प्रवास करत बेडकाच्या फुप्फुसात येतात आणि तिथे रक्त पिऊन राहतात. युरोपातल्या साध्या बेडकाच्या मूत्राशयात राहणारा एक चपटा कृमी तर आपली अंडी नेमकी बेडकाच्या विणीच्या हंगामात सोडतो, म्हणजे पिल्लांना ताजी बेडकं मिळतात!

यांतल्या बहुतेक कृमींना माणसाशी काही देणंघेणं नाही. आपल्या शरीरात ते जगूच शकत नाहीत. तेव्हा ‘बेडकात जंत’ ऐकून दचकायचं कारण नाही. माणसाला त्रास देऊ शकणारे थोडे आहेत, आणि त्यांतला सगळ्यांत महत्त्वाचा आहे स्पायरोमेट्रा नावाचा पट्टकृमी.

एका अळीचा प्रवास

स्पायरोमेट्राचं खरं घर म्हणजे कुत्रा, मांजर आणि त्यांच्या रानातल्या भाऊबंदांचं आतडं. तिथे तो मोठा होतो आणि अंडी घालतो. ही अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर डबक्यात, तळ्यात, विहिरीत जातात. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला जीव गिळतो. हा सायक्लॉप्स टाचणीच्या टोकाएवढा, नीट पाहिलं तरच दिसणारा. बेडूकमासे सायक्लॉप्स खातात, ते बेडूक होतात, आणि अळी त्यांच्या मांसात जाऊन बसते. साप बेडूक खातो तेव्हा अळी सापाच्या मांसात मुक्काम हलवते. एका सापाने आयुष्यात किती बेडूक खाल्ले याचा विचार करा, म्हणजे सापात अशा अळ्या का साठतात ते कळेल. शेवटी कुत्र्याने किंवा मांजराने बेडूक अथवा साप खाल्ला की अळी स्वगृही पोचते.

या मांसातल्या अळीला स्पार्गानम म्हणतात. पांढरी, सुरकुतलेली, ओल्या रिबिनीच्या तुकड्यासारखी. लांबी काही मिलिमीटरपासून काही वेळा तीस सेंटीमीटरपर्यंत किंवा त्याहूनही जास्त. माणसाच्या शरीरात ही अळी पहिल्यांदा पाहिली ती पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरांनी, १८८२ साली, चीनमधल्या आमॉय शहरात एका शवविच्छेदनात.

या साखळीत माणूस कुठेच नाही, हे लक्षात घ्या. आपण चुकून आत शिरलेले पाहुणे आहोत. पण अळीला ते माहीत नसतं. ती आपल्या शरीरात मोठी होऊन अंडी घालू शकत नाही, आणि मरतही नाही. वाट चुकल्यासारखी फिरत राहते. तेही कधी कधी वीस वीस वर्षं.

तीन दरवाजे

ही अळी माणसात तीन मार्गांनी येते.

पहिला मार्ग पाण्याचा. तळ्याचं, ओढ्याचं, उघड्या विहिरीचं पाणी न गाळता, न उकळता प्यायलं आणि त्यात अळी असलेला सायक्लॉप्स पोटात गेला, तर.

दुसरा मार्ग ताटाचा. बेडूक, साप यांचं कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं मांस, सापाचं ताजं रक्त, पित्ताशय. चीनच्या काही भागांत त्वचेच्या आजारावर उपाय म्हणून जिवंत बेडूकमासे गिळायची पद्धत होती, आणि त्यातून या आजाराचे रुग्ण आढळले आहेत. उपाय त्वचेचा आणि अपाय सगळ्या अंगाला.

तिसरा मार्ग ऐकून अंगावर काटा येतो. चीन, व्हिएतनाम, थायलंडमध्ये सुजलेल्या डोळ्यावर किंवा जखमेवर बेडकाच्या ताज्या मांसाचं पोटीस बांधायची जुनी पद्धत आहे. ‘थंड’ असतं म्हणून. बेडकाच्या गार मांसात बसलेली अळी सरळ आपल्या उबदार डोळ्यात शिरते. डोळा लाल होतो, सुजतो, पाणी गळतं, आणि दृष्टीही जाऊ शकते.

पाण्याचा मार्ग काही लोकांच्या बाबतीत नाइलाजाचा असतो, कारण गावात दुसरं पाणीच नसतं. उरलेले दोन मात्र आपणच निवडतो, आणि तेही बहुधा ‘नैसर्गिक’ उपचार म्हणून. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय होणार नाही’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकतो तितक्या वेळा मला स्पार्गानम आठवतो. त्याच्याइतकं नैसर्गिक दुसरं काय असणार?

आत गेल्यावर काय होतं?

बहुतेक वेळा त्वचेखाली एक गाठ येते. फारशी दुखत नाही, थोडी खाजते. विशेष म्हणजे काही आठवड्यांनी ती जागा बदलते. आज पोटावर, पुढच्या महिन्यात मांडीवर. अशी फिरती गाठ ही महत्त्वाची खूण आहे.

काही वेळा अळी डोळ्यात जाते आणि क्वचित मेंदूत किंवा मणक्यात. मेंदूत गेली तर फिट येणं, डोकेदुखी, अंगाच्या एका बाजूची ताकद कमी होणं अशा तक्रारी होतात. इंग्लंडमधल्या एका पन्नाशीच्या, मूळ चिनी वंशाच्या रुग्णाची हकिगत २०१४ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. डोकेदुखी, फिट, वास विचित्र येणं अशा त्याच्या तक्रारी होत्या. मेंदूच्या चित्रांत दिसणारा डाग चार वर्षांत पाच सेंटीमीटर सरकला होता! शेवटी शस्त्रक्रिया केली तेव्हा सेंटीमीटरभर लांबीची अळी निघाली, आणि जनुकीय तपासणीत ती स्पायरोमेट्राची ठरली.

आता तुमची झोप उडाली असेल तर थांबा. भारतात या आजाराचे मोजकेच रुग्ण नोंदले गेले आहेत. जास्त रुग्ण पूर्व आणि आग्नेय आशियात, म्हणजे चीन, कोरिया, जपान, थायलंड, व्हिएतनाममध्ये आढळतात. आपल्याकडे फिट आलेल्या माणसाच्या मेंदूत ‘जंताची गाठ’ दिसली, तर ती जवळपास नेहमी वेगळ्या आजाराची असते. डुकरातल्या पट्टकृमीची अंडी दूषित हातांतून, अन्नातून किंवा पाण्यातून पोटात गेल्याने तो होतो. त्याचे उपचार वेगळे आणि चांगले उपलब्ध आहेत. रिपोर्टवरचा ‘जंत’ हा शब्द वाचून स्वतःच निदान करू नका.

आणखी एक बातमी तुमच्याही मोबाईलवर आली असेल. ऑस्ट्रेलियात एका बाईंच्या मेंदूतून आठ सेंटीमीटरची जिवंत अळी काढली, ती २०२३ची बातमी. ती खरी आहे, पण तो अजगरातला गोल कृमी होता. त्यांनी साप खाल्ला नव्हता. अजगराच्या विष्ठेतली अंडी तळ्याकाठी खुडलेल्या रानभाजीवाटे पोटात गेली असावीत, असा तिथल्या डॉक्टरांचा तर्क. त्यातून घ्यायचा धडा रानभाजी सोडण्याचा नाही, ती वाहत्या पाण्यात नीट धुऊन शिजवण्याचा आहे.

पर्णकृमींचं एक उदाहरणही सांगतो. १९७६ साली कॅनडातल्या एका तरुणाच्या मृत्यूचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या जवळजवळ सगळ्या अवयवांत अलॅरिया नावाच्या पर्णकृमीच्या अळ्या होत्या. रानात भटकंतीला गेला असताना त्याने खाल्लेले बेडकाचे पाय नीट शिजले नसावेत, असा निष्कर्ष होता. अशी घटना अगदी दुर्मीळ आहे, पण ‘थोडंसं कच्चं राहिलं तर काय होतं’ या प्रश्नाचं ते एक उत्तर आहे.

‘जंताची गोळी घेतली की झालं’

नाही होत. आणि या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना जी अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती आतड्यातल्या गोल कृमींसाठी आहे. त्या कामाला ती उत्तम आहे आणि मुलांना ती जरूर द्यावी. पण स्पार्गानम आतड्यात बसलेला नसतो. तो त्वचेखाली, स्नायूत, डोळ्यात लपलेला असतो. पट्टकृमींवर एरवी गुणकारी असलेलं प्राझिक्वान्टेल हे औषधही या अळीवर भरवशाचं ठरत नाही. खात्रीचा उपाय एकच, शस्त्रक्रिया करून अळी पूर्ण काढणं. डोक्याकडचा भाग आत राहिला तर ती पुन्हा वाढू शकते.

म्हणजे ‘आधी खाऊ, मग गोळी घेऊ’ हा हिशोब इथे चालत नाही. एका घोटभर ‘औषधा’पायी मेंदूची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया! आजारापेक्षा औषध जालीम, ते असं.

‘आमच्या आज्याने खाल्लं, त्याला काही झालं नाही’

हा मुद्दा नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्येक बेडकात अळी नसते आणि खाणाऱ्या प्रत्येकाला आजार होत नाही. शिवाय नीट शिजवलेल्या मांसात अळी मरते. जंगलालगत राहणाऱ्या अनेक समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या असं अन्न भाजून, शिजवून खाल्लं आहे, ते भूक भागवायला. त्यांना नाकं मुरडायचा आपल्याला अधिकार नाही. गोव्यात पावसाळ्यात चोरून मिळणारं ‘जंपिंग चिकन’, म्हणजे बेडकाचे पाय, तेही तळलेलंच असतं. तेव्हा ‘बेडूक खाल्ला की मेंदूत जंत’ असं म्हणणं खोटं ठरेल. खोटी भीती घालून मला तुमच्याकडून काही करून घ्यायचं नाही.

पण तीन गोष्टी त्याबरोबरच सांगायला हव्यात.

एक, औषध म्हणून जे घेतलं जातं ते बहुधा कच्चं असतं. रक्त, पित्त, ताजं मांस. शिजवलं तर ‘गुण जातो’ अशी समजूत असते. म्हणजे जी एक गोष्ट तुम्हाला वाचवते, तीच नेमकी वगळली जाते. दारूत बुडवलं, लिंबू पिळलं, मसाला चोळला म्हणून अळी मरेल यावर भिस्त ठेवू नका.

दोन, दमा, कंबरदुखी, सांधेदुखी, ‘मर्दानी कमजोरी’ यांतल्या कशालाही घोरपडीच्या मांसाने, रक्ताने किंवा रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या सांड्याच्या तेलाने गुण येतो याचा शास्त्रीय पुरावा नाही. फायदा शून्य असेल तर लहानसा धोकाही महागच. शिवाय दम्याचा पंप बाजूला ठेवून घोरपडीची वाट पाहण्यात जो वेळ जातो, त्याचं नुकसान जंतापेक्षाही मोठं असतं.

तीन, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला सर्वोच्च संरक्षण दिलेलं आहे, आणि गोव्यात ज्याची शिकार होते तो मोठा बेडूकही संरक्षित आहे. मारणारा गुन्हेगार ठरतोच, विकत घेणाराही सुटत नाही.

नारू आठवतोय?

‘आपल्या हातात काय आहे?’ असं विचाराल तर मी नारूची गोष्ट सांगेन. पन्नाशीपुढच्या वाचकांनी, विशेषतः गावाकडच्यांनी, नारूचे रुग्ण पाहिले असतील. पायाच्या फोडातून हातभर लांबीचा दोऱ्यासारखा कृमी बाहेर यायचा आणि तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढावा लागायचा. नारू हा गोल कृमी, स्पार्गानमचा कोणी लागत नाही. पण दोघं प्रवास करतात एकाच होडीतून, पाण्यातल्या सायक्लॉप्समधून.

नारूवर ना लस होती, ना गोळी. तरीही महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरलेला हा आजार देशातून संपला. शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केलं. हे झालं कशाने? पाणी कापडातून गाळून पिण्याने, पायविहिरी बंद करून किंवा त्यात पाय न बुडवता पाणी काढायची सोय करून, हातपंपांनी, आणि पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकून. म्हणजे आजीने हंड्याच्या तोंडाला बांधलेलं दुहेरी धडकं हे नारूवरचं खरंखुरं शस्त्र होतं. सायक्लॉप्समधून येणाऱ्या कुठल्याही कृमीची वाट ते अडवू शकतं.

मला म्हणूनच वाटतं की घराघरात सहा महिन्यांनी सगळ्यांनी गोळी गिळायची सवय लावण्यापेक्षा पाण्याची आणि हात धुण्याची सवय जास्त मोलाची आहे. गोळी जिथे लागू आहे तिथे घ्यावीच. पण गोळीच्या जोरावर दार उघडं टाकू नये.

चोर सोडून बेडकाला फाशी नको

हे सगळं वाचून कुणी अंगणातले बेडूक मारायला निघणार असेल, तर कृपा करून थांबा. साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही. बेडकाला हात लागल्याने स्पार्गॅनोसिस होत नाही. विहिरीत बेडूक पोहतो म्हणूनही होत नाही, कारण अळी त्याच्या मांसात असते, ती पाण्यात सांडत नाही. (मुलांनी बेडूक हाताळला तर हात साबणाने धुवावेत, ते इतर जंतूंसाठी.)

उलट बेडूक आपल्या कामाचा आहे. तो डास आणि शेतातले किडे खातो. एके काळी आपण बेडकांचे पाय परदेशी पाठवत होतो. बेडूक घटले की किडे वाढतात, हे ध्यानात आल्यावर १९८७ मध्ये सरकारने या निर्यातीवर बंदी घातली.

आणि बेडकातले जंत वाढण्यातही आपला हात असू शकतो. १९९५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शाळकरी मुलांना एका तळ्याकाठी वेडेवाकडे, जास्तीचे पाय असलेले किंवा पायच नसलेले बेडूक सापडले. पुढे संशोधकांनी दाखवून दिलं की अशा विकृतीचं एक मोठं कारण रिबेरोइया नावाचा चपटा कृमी आहे. तो बेडूकमाशाच्या पायाच्या कोंबात शिरतो. शेतातलं खत तळ्यात वाहून गेलं की शेवाळ वाढतं, शेवाळावर गोगलगायी वाढतात, आणि या गोगलगायींतूनच तो कृमी येतो. हा कृमी माणसाला काही करत नाही. पण आपण पाण्यात काय सोडलं ते बेडकाच्या अंगावर उमटतं.

मग नेमकं काय करायचं?

- ट्रेकला, शेतावर, गावाला गेल्यावर ओढ्याचं किंवा विहिरीचं पाणी उकळून प्या. ते शक्य नसेल तर निदान स्वच्छ, दुहेरी, दाट विणीच्या कापडातून गाळा. गाळल्याने सायक्लॉप्स अडतो, कावीळ-जुलाबाचे जंतू अडत नाहीत, म्हणून उकळणं उत्तम.
- बेडूक, साप, घोरपड यांचं रक्त, पित्त, कच्चं मांस कोणत्याही आजारासाठी घेऊ नका. व्हिएतनाम-थायलंडच्या सहलीत ‘एकदा चाखून बघू’ म्हणूनही नको.
- डोळ्यावर किंवा जखमेवर कुठल्याही प्राण्याचं ताजं मांस बांधू नका.
- पाळलेला कुत्रा किंवा मांजर बेडूक, पाली, साप पकडत असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला जंताचं औषध द्या. त्याच्या आतड्यातल्या मोठ्या कृमीवर औषध चालतं. त्याच्या विष्ठेतून स्पायरोमेट्रा थेट तुम्हाला होत नाही, पण ती तळ्या-विहिरीजवळ पडू देऊ नका.
- त्वचेखालची जागा बदलणारी गाठ, एकाच डोळ्याची न हटणारी सूज, किंवा आयुष्यात पहिल्यांदा आलेली फिट यांपैकी काहीही झालं तर डॉक्टरांकडे जा, आणि काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, कुठे प्रवास केला ते न लाजता सांगा.

शेवटच्या मुद्द्यावर थोडा जोर देतो. घोरपडीचं मांस खाल्लं हे रुग्ण डॉक्टरांना सहसा सांगत नाहीत. लाज वाटते, कायद्याची भीती वाटते. तपासणीच्या टेबलावर आम्ही पोलीस नसतो. तुम्ही सांगितलेलं एक वाक्य निदानाचे कित्येक महिने वाचवू शकतं. आणि ‘आणून देतो’ म्हणणाऱ्याला ‘नको’ म्हणालात, तर ते वाक्य सांगायची वेळच येणार नाही.